रजईखालची पेटी

मुकादमाच्या घरी चपला नुसत्या काढून भागत नसे, त्या अलगद ठेवाव्या लागत. उंबऱ्याशी त्यासाठी लोकरीच्या नमद्याचा एक तुकडा अंथरलेला असे. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे मोजे, दारांच्या कडांना नमद्याच्या पट्ट्या. टिकटिक नको म्हणून घड्याळाची बदली बैठकीतून जिन्याखाली झालेली, त्यामुळे किती वाजले ते बघायचं तर वाकावं लागे. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून सांगायचा, "त्या घरात माशीसुद्धा आधी पंख मिटते आणि मग आत चालत जाते." गिऱ्हाइकाला हसायची सोय नसे, पण बाहेर पडल्यावर ते दहा जणांना सांगे.

मुकादम हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसच्या खात्यावर तो बावीस वर्षं मुकादम होता. तिथं मोठाले प्रेस दिवसभर पत्र्यावर आपटत आणि डबे, झाकणं, बादल्यांचे बूड काढत. त्या धडधडाटात माणसांनी बोलायचं सोडून दिलं होतं. एक बोट वर म्हणजे चहा, दोन म्हणजे साहेब येतोय, गळ्यावरून आडवा हात म्हणजे प्रेस थांबव. लग्न होऊन आली तेव्हा मुकादमीण पहिला महिनाभर घाबरलेलीच होती. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एक बोट वर करी, आणि हिला वाटे, मारायला उठलाय की काय!

कारखाना बंद पडला त्या दिवशी तो जेवणाचा डबा घेऊन घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आता ह्या घरात आवाज नको."

"माझ्या शिलाईयंत्राचं काय करू? पुरू?" मुकादमीण म्हणाली. शाळेचे गणवेश शिवून तीच तर घर ओढत होती.

त्यानं यंत्राच्या चार पायांखाली नमद्याच्या चार चकत्या सरकवल्या. यंत्र खरंच निम्म्यानं गप्प झालं. तिथून त्याला नाद लागला.

पहिली पेटी त्यानं दातांच्या डॉक्टरासाठी केली. दवाखान्यातला कॉम्प्युटर टेबलाखालून असा घुरघुरायचा की रोगी म्हणे, "डॉक्टर, आधी त्याचा दात काढा." मुकादमानं यंत्राचं आतलं सामान उपसून जाड पत्र्याच्या, बुटाच्या खोक्यापेक्षा जेमतेम मोठ्या पेटीत बसवलं. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणत, तो मात्र पेटीच म्हणायचा. आतून नमदा, एकच मोठा सावकाश फिरणारा पंखा, आणि हवा आत यायला नमद्याचं अस्तर लावलेली तीन वळणांची वाट. "आवाज आळशी असतो," तो समजावून सांगायचा. "दोन वळणं चालला की तिसऱ्यावर बसकण मारतो. हवा बिचारी चालत राहते." मग बोट उगारून पुढे म्हणायचा, "पण वाट मोकळी पाहिजे. पेटीला श्वास लागतो. तोंड दाबलंत तर ती ओरडणार नाही, नुसती मरेल."

कॉम्प्युटरच्या पोटात एक बारकी पिपाणी असते. आत काही तापलं, अडलं, की ती टीं टीं करून सांगते. मुकादम सगळ्यात आधी तिची तार कापायचा. "माझ्या पेटीवर तक्रारीची पाळीच येणार नाही."

दवाखान्यामागून झेरॉक्सवाला आला, तिकिटं काढून देणारा आला, वकिलाचा कारकून आला. मग व्हिडिओवाले आले. त्यांच्यात मुकादमाला देवाच्या खालोखाल मान, कारण माइकसमोर कुणी बोलत असताना शेजारी कॉम्प्युटर घोरत असेल तर सगळी मेहनत मातीत.

पेटी तयार झाली की परीक्षा. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली, की पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यायची. बायकोच्या रिळातला वीतभर दोरा मागच्या जाळीला बांधायचा. पेटी चालू केली की बाहेर पडणाऱ्या हवेनं दोरा उडायला लागे, म्हणजे श्वास ठीक. मग तो डोळे मिटून, पेटीपासून हातभर अंतरावर बसे. शेजारी चहाचा कप. चहावर साय धरेपर्यंत काही ऐकू आलं नाही, की डोळे न उघडताच विचारायचा, "आहे काही?"

"नाही," मुकादमीण म्हणायची.

मग खडूनं पेटीच्या बुडाला एक बरोबरची खूण. आवाज मोजायचं मशीन घ्या म्हणून कुणी सुचवलं तर तो चिडे. "दोन माणसांचे चार कान आहेत. मशीनला काय कळतंय?"

आता चहाडीच करायची तर स्पष्ट करावी. ते कान चार नव्हते, दोनच होते, आणि ते दोन्ही मुकादमीणबाईंचे. मुकादमाचे प्रेसनं केव्हाच खाल्ले होते. जाडजूड आवाज त्याला ऐकू येत. ट्रक, दाराची धडक, ढगांचा गडगडाट. बारीक आवाज मात्र एकेक करून त्याला सोडून गेले होते, पाखरं, किटली, फोन. वर्षात त्यानं दाराच्या तीन घंट्या बदलल्या, तिन्ही बिघडलेल्या निघाल्या म्हणून. चौथी आणायला निघाला तेव्हा न्हावी ओरडला, "मुकादम, एकदम देवळातली आणा!" मुकादम वळून हसला आणि म्हणाला, "हो, हो, बरा आहे." अख्खी गल्ली खिदळली. मुकादमीण खिडकीत उभी होती, तिला हसू आलं नाही.

मागच्या वर्षी एकदा तिनं धीर केला होता. "अहो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

"बावीस वर्षं प्रेससमोर उभा होतो तेव्हा ऐकू येत होतं. आता शांततेत येईनासं झालं?"

एवढं बोलून तो अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी त्यानं मीठ मागितलं. तिला एवढं बरं वाटलं की तिनं मनाशी गाठच बांधली, पुन्हा हा विषय नाही.

वर्षभरानं व्हिडिओवाले दोघे भाऊ आले, थोरला आणि धाकटा. रंगाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. दुकानांच्या जाहिराती आणि शाळांचे धडे ते बनवत. मुकादमाची लेकच त्यांच्याकडे कामाला होती. चित्रं कापायची, जोडायची आणि धड्यांना आवाजही द्यायचा, असं तिचं काम. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. म्हणजे होती, पण मुकादमानंच ती बुजवली होती. भिंतींना नमदा त्यानंच लावला, आणि दारही त्यानंच केलं, नमद्याचे तीन थर दिलेलं, आतून खिटीचं. रेकॉर्डिंग चालू असलं की दारावर लाल दिवा लागे.

"काका, पेटी अजून लहान करता येईल का? ताईंच्या गुडघ्याशी बसली पाहिजे," धाकटा म्हणाला.

"लहान?" मुकादमाचे डोळे चमकले. "तू नुसता बघत राहा."

पेटी लहान करायची तर जागा कुठून तरी काढावीच लागते. त्यानं ती हवेच्या वाटेतून काढली. वाट अर्ध्यावर आली, वळणं तीनच राहिली. परीक्षेच्या दिवशी दोरा उडाला, जरा दमानं, पण उडाला. मुकादमानं डोळे मिटले.

आणि मुकादमिणीला शिट्टी ऐकू आली. दूर कुणाच्या तरी घरी किटली उकळायच्या बेतात असावी, तशी. सुईसारखी बारीक, न तुटणारी. गेलं वर्षभर नव्या पेट्यांतून असं काहीतरी पुसटसं यायचं, आणि ती त्याकडे कानाडोळा करायची. ह्या वेळी मात्र ती शिट्टी दातांत शिरत होती.

मुकादमाच्या चेहऱ्यावर लहान मूल झोपल्यावर येतं तसं समाधान होतं. चहावर साय धरली.

"आहे काही?"

तिला ते अकरा दिवस आठवले.

"नाही," ती म्हणाली.

पेटी गेली. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, ही पेटी शिट्टी घालते गं. माझ्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी टपोरी उभा आहे असं वाटतं."

"बाबांना बोललीस?"

"अजून नाही."

"नको बोलूस. माझ्या गळ्याची शपथ. तूच काहीतरी कर."

लेक आईवर गेलेली, हिकमती. तिनं घरून जुनी रजई नेली आणि पेटीभोवती गुंडाळली, वरून एक उशी दाबली. शिट्टी गेली. आठवड्यानं दोघे भाऊ पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून मुकादमाकडे आले. "काका, कमाल केलीत! आवाजच नाही. अजून सहा पाहिजेत."

मुकादम त्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आला. "मुकं करतो तो मुकादम!" असं न्हाव्यानं त्याच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा तोही हसला.

मुकादमिणीला मात्र रात्रीची झोप लागेना. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. शिट्टी थांबली हे चांगलंच की. लेक अधूनमधून फोनवर सांगायची, "यंत्र रेंगाळतंय आई. दहा मिनिटांचं काम तासभर चालतं." मग एकदा, "खोलीत कसला तरी वास येतो. नमद्याचाच असेल. डोकं धरतं."

"खिडकी उघड."

"खिडकी कुठंय आई? बाबांनीच तर बुजवली."

सहांपैकी पहिली पेटी एका दुपारी परीक्षेला बसली. दोरा उडाला, मुकादमानं डोळे मिटले, आणि शिट्टी सुरू झाली. मुकादमीण कणकेचे हात घेऊन उभी होती. शिट्टी चढत गेली, आणखी बारीक, आणखी वर, आणि एकाएकी थांबली.

तिनं सुस्कारा सोडला. मग तिचं लक्ष दोऱ्याकडे गेलं.

दोरा जाळीला चिकटून सरळ खाली लोंबत होता.

"आता तर बघ," मुकादम डोळे मिटूनच म्हणाला, "आता तर अगदीच काही नाही." त्याच्या ओठांवर हसू होतं.

तिनं पेटीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बोटांना लागलेली कणीक पत्र्यावर राहिली आणि बघता बघता तिच्या कडा कोरड्या पडू लागल्या. वाटेतल्या नमद्याचा डिंक तापून सुटला होता, नमदा त्या अरुंद वाटेत कोसळून बोळा होऊन बसला होता. हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला आठवली ती दुसरीच पेटी, रजईतली, उशीखालची, लेकीच्या गुडघ्याशी असलेली.

"अहो," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. "अहो! डोळे उघडा!"

त्यानं आधी दोरा पाहिला. मग पेटीचा प्लग उपसला. मग तिच्याकडे पाहिलं.

"शिट्टी वाजत होती," ती म्हणाली. "आत्ता. आणि तिकडच्या पेटीलाही, पहिल्या दिवसापासून."

"कसली शिट्टी?"

"तुम्हाला ती ऐकू येत नाही."

त्याचा चेहरा तिच्यासमोर बंद होऊ लागला, अकरा दिवसांसाठी होतो तसा. तिनं त्याला तेवढी सवड दिली नाही. "नंतर रुसा, हवं तर वर्षभर रुसा. पोरीनं त्या पेटीला रजई गुंडाळली आहे. मीच म्हटलं होतं, काहीतरी कर म्हणून. वरती उशी आहे. आठवडा झाला तिला वास येतोय."

मुकादमाचा हात आपोआप वर गेला आणि गळ्यावरून आडवा फिरला. थांबव.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. तसाच हातात धरून ती त्याच्यामागे धावत सुटली. चार गल्ल्या. न्हाव्यानं दारातून विचारलं, "काय हो, पाचवी घंटा?" कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. रंगाच्या दुकानापाशी डबे फूटपाथपर्यंत रचलेले होते. ते ओलांडून जिना चढताना तिनं पुन्हा फोन लावला, आणि वरच्या बोळात लेकीचा फोन वाजू लागला. दाराबाहेरच्या टोपलीत होता. रेकॉर्डिंगला जाताना फोन बाहेर ठेवायचा, असा तिथला नेम.

दारावर लाल दिवा जळत होता.

धाकटा तोंडावर बोट ठेवून पुढे आला. "काका, पाच मिनिटं. शेवटचा धडा चाललाय."

"उघड."

"आतून खिटी आहे ना. तुम्हीच तर बसवलीत, मध्येच कुणी शिरू नये म्हणून."

मुकादमानं दारावर मूठ मारली. थप्. पुन्हा मारली. दोन्ही मुठींनी, मग खांद्यानं, मग लाथेनं. दार गादीवर मारल्यासारखं सगळं गिळत होतं. तो लेकीच्या नावानं ओरडला. बोळातले लोक खोल्यांतून बाहेर आले, रस्त्यापलीकडच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. आत काही पोचलं नाही. आत लेक हेडफोन लावून बसली होती.

मुकादमिणीनं नाक दाराच्या फटीशी नेलं. पट्टी इतकी घट्ट बसवली होती की वाससुद्धा बाहेर येत नव्हता.

"मेन स्विच कुठंय?" तिनं थोरल्याला विचारलं.

"अहो काकू, सगळ्यांची कामं उघडी आहेत, जातील!"

त्याची नजर मात्र बोलता बोलता जिन्याशेजारच्या डब्याकडे गेलीच. तिनं तो उघडला आणि दांडा खाली ओढला.

लाल दिवा विझला. मजलाभर ओरडा झाला. मग खिटी सरकली आणि लेक दारात आली, हेडफोन गळ्यात, डोळे लाल. "कुणी घालवली लाईट? शेवटचं वाक्य होतं माझं!"

तिच्या गुडघ्यांमागून धूर बाहेर आला, अगदी संथ, जमिनीलगत. तिनं खाली पाहिलं आणि भिंतीला टेकून तिथंच बसली. मुकादम तिला ओलांडून आत गेला. रजईची आतली बाजू तपकिरी झाली होती, मध्ये तळहाताएवढं भोक, आणि भोकाच्या कडेनं एक लाल रेघ सरकत होती. हवा लागताच तिनं पेट घेतला. त्यानं रजई छातीशी कवटाळून बाहेर आणली आणि बोळातल्या पाण्याच्या पिंपात कोंबली. त्याचे तळहात पुढे महिनाभर बांधलेले होते.

लेकीला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, धूर छातीपेक्षा डोक्यातच जास्त गेलाय, अर्धा तास उशीर झाला असता तर ती धडा वाचता वाचताच झोपली असती. लेक बोलायला लागली तेव्हा घसा बसलेला. पहिलं वाक्य म्हणाली, "बाबा, पेटी खरंच शांत होती हं शेवटी." तो हसला नाही.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. मुकादमिणीनं चहा पुढे केला आणि बशीत ओतून तिनंच पाजला. तिला वाटत होतं, आता अकरा दिवस. पण त्यानं विचारलं,

"तू कधीपासून नाही म्हणतेस?"

"विचारत असता तेव्हापासून."

"तसं नाही. खोटं 'नाही' कधीपासून?"

तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. डॉक्टरचं बोलले होते ना, त्यानंतर."

"किती पेट्या?"

तिनं गणवेशांच्या वहीचं मागचं पान फाडून घेतलं आणि आठवून आठवून लिहिलं. चौदा. लेकीची धरून.

दुसऱ्या दिवसापासून दोघं फिरू लागली. आधी तो पेटीला हात लावायला जायचा आणि पट्ट्या आठवून थांबायचा. मग ती गुडघे टेकून टेबलाखाली शिरायची आणि पेटीला कान लावायची. झेरॉक्सवाला म्हणाला, "काय काकू, नाडी बघताय?" वकिलाच्या कारकुनानं वृद्ध दांपत्याच्या प्रेमावर एक विनोद केला, तो इथं सांगण्यासारखा नाही. पण पेट्या सगळ्यांनी निमूट परत दिल्या. रजईची गोष्ट त्यांच्या आधीच सगळीकडे पोचली होती. त्या कामी न्हाव्याचा हात कुणी धरू शकत नाही.

दोन आठवड्यांत तेरा पेट्या घरी आल्या. मुकादमानं पट्टीतून बाहेर डोकावणाऱ्या बोटांच्या टोकांनी एकेक उघडली. पाचांमध्ये नमदा सुटायला लागला होता. दोन पेट्यांत तो काळा पडलेला होता.

चौदावी राहिली. ती एक दाढीवाला व्हिडिओवाला दारातूनच घेऊन गेला होता, स्कूटरला पुढे पायांत ठेवून. नाव सांगितलं नाही, पत्ता सांगितला नाही. मुकादमिणीला त्याचं एकच वाक्य आठवतं. जाताना तो हसून म्हणाला होता, "आवाज आला तरी काळजी नको काकू, माझ्याकडे ती कपाटातच राहणार आहे, दार लावून."

दोघे भाऊ व्हिडिओवाल्यांमध्ये विचारून थकले. दाढीवाले पुष्कळ निघाले, तो निघाला नाही.

मुकादम आता पेट्या करतो त्या जरा मोठ्या असतात, आणि आतली पिपाणी तो जोडलेलीच ठेवतो. परीक्षा लेक घेते. घड्याळ बैठकीत परत आलं आहे. संध्याकाळी दोघं नवराबायको फिरायला निघतात, रोज वेगळ्या रस्त्यानं. समोरचा न्हावी ह्यावर काही बोलत नाही, यावरून काय ते समजा.

चालता चालता मुकादमीण कुठंतरी थबकते. बंद दुकान असतं, वरची एखादी खिडकी असते, कुठं काय वाजतं कोण जाणे. ती थबकली की तोही थबकतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो.

"आहे काही?"

ती कान देते, बराच वेळ. मग म्हणते, "नाही."

तो मान हलवतो. आणि तरीही पुढे होऊन त्या बंद शटरवर आपला भाजलेला तळहात टेकवून बघतो, गरम लागतंय का ते.